गुरुवारचा उलटा पाठ

बद्रीनाथ गुरुजींच्या वर्गाचं दार लागलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जालन्याच्या त्या शाळेत बाकीचे मास्तर खुशाल दार लोटून घेत, कुणी डुलकीसाठी, कुणी छडीसाठी. गुरुजी म्हणत, ज्या शिकवण्याला दार लावावं लागतं ते शिकवणंच नव्हे. निजामाचं राज्य होतं, शाळा उर्दूत चालायची, सुटी शुक्रवारची, आणि नव्या मास्तराला 'मददगार' म्हणायचे. या मददगाराला शिकवायचं कसं ते सांगण्याची तसदी कुणी घेत नसे. हातात खडू द्यायचा आणि पोरांपुढे उभा करायचा. पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलावं, तसलाच प्रकार.

गुरुजींना हे बघवायचं नाही. नवा मददगार आला की ते त्याला आपल्या वर्गात शेवटच्या ओळीत पोरांशेजारी बसवत आणि दर गुरुवारी शेवटच्या तासाला त्याच्यासाठी 'उलटा पाठ' घेत. म्हणजे मुद्दाम वाईट शिकवत. वर्गाकडे पाठ करून बोलत, प्रश्न विचारून उत्तर आपणच देत, पुढच्या हुशार पोरालाच पुन्हा पुन्हा उठवत. पोरांना सगळं ठाऊक असे. ती गालातल्या गालात हसत. वर्ग सुटला की मददगारानं चुका सांगायच्या. एक चूक मात्र गुरुजी अशी बेमालूम दडवत की ती आजवर एकाही मददगाराला सापडली नव्हती. बिनपगारी उद्योग होता हा सगळा, आणि माणसाचा जीव त्यातच रमलेला.

परतूरचा धर्मराज आला तेव्हा गुरुजींना वाटलं, आता कुठं आपली विद्या कुणाच्या तरी पदरात पडणार. शेतकऱ्याघरचा पोरगा, औरंगाबादेत इंटरपर्यंत शिकलेला, डोक्यानं तल्लख. गुरुवारी रात्री जेवायला तो गुरुजींकडेच असे. तुळजाबाई त्याला भाकरीवर तुपाची धार वाढत आणि नवऱ्याच्या ताटात लसणाची चटणी. दडवलेली ती एक चूक सोडली, तर बाकीच्या सगळ्या तो घास चावता चावता सांगून मोकळा होई. गुरुजी बायकोला म्हणत, "पोरगं माझ्याही पुढं जाईल."

गेलं की. चांगलं पुढं गेलं.

झालं असं. औरंगाबादेत एक नवा वर्ग निघायचा होता. कॉलेजातल्या नि शाळांतल्या मददगारांना शिकवायचं कसं, हे तिथं शिकवायचं होतं. त्याच्यासाठी माणूस पाहिजे होता आणि तपासणीसाहेबांच्या कानावर गुरुजींचं नाव गेलं होतं. साहेब शनिवारी येऊन त्यांचा पाठ बघणार होते. आयुष्यभर जे काम न मागता केलं, ते आता सरकार मागत होतं. गुरुजी हरखून गेले. शनिवारसाठी गावच्या कुंडलिका नदीचा पाठ त्यांनी मनात इतक्यांदा घोळवला, की तुळजाबाई म्हणाल्या, "अहो, नदी आटंल आता."

गुरुवारी दुपारी धर्मराज लगबगीनं आला. "गुरुजी, मामा येऊन राह्यले गाडीनं. टेसनावर जाऊन येतो. पण माझा पाठ चुकवू नका हां, तुम्ही सुरू करा. मी येतो अन् बसतो मागं."

"जा, जल्दी ये," गुरुजी म्हणाले.

शेवटचा तास लागला. गुरुजी त्या दिवशी खुशीत होते, म्हणून उलटा पाठही झोकात रंगला. फळ्याकडे तोंड करून त्यांनी गोदावरी उगमापासून समुद्रापर्यंत एकट्यानंच वाहवली, एका पोराचं नाव घेऊन प्रश्न विचारला नि उत्तर आपणच दिलं, वर त्याला विनाकारण ठोंब्या म्हणाले, आणि हात झटकून मागे वळले. उघड्या दारात तपासणीसाहेब कधीचे उभे होते. मागे धर्मराज.

"मास्टरसाब, यही है आपका पढ़ाना?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई साहेब, हे मुद्दाम होतं," गुरुजी घाईनं म्हणाले. "ह्या मददगाराला चुका वळखता याव्या म्हणून. विचारा त्याला."

साहेब हसले. वाईट शिकवणारा सापडला की काय वाटेल ते सांगतो, हे नोकरीत त्यांच्या अंगी मुरलेलं होतं. वर्गातली पोरं साहेबाच्या फेट्याकडे बघून गारठली होती, त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. साहेबांनी धर्मराजाला विचारलं, हे खरं आहे का?

धर्मराज पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "मला तसं काही म्हाईत न्हाई, साहेब."

"बरं, मग या पाठात चुका काय झाल्या, सांगता येईल?"

तेव्हा मात्र त्यानं मान वर केली आणि बोटांवर एकेक मोजून दाखवली. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हे. पाठ वर्गाकडे, उत्तर स्वतःच, शिवी विनाकारण. आणि शेवटी म्हणाला, "साहेब, गुरुजी पोराचं नाव आधी घेतात अन् प्रश्न मंग विचारतात. नाव आलं की बाकीची पोरं विचार करायचंच सोडतात."

तीच ती दडवलेली चूक. गुरुजींच्या काळजात कळ उठली, आणि तिच्याच पोटात, लाज वाटावी अशी, शाबासकीही उठली. साहेबांनी मान डोलावली. औरंगाबादला कोण जाणार, ते तिथंच ठरलं.

तरी गुरुजी तुळजाबाईंना म्हणत राहिले, पोरगं साहेबाला भ्यालं असेल. भोळा माणूस! पण साहेबांना टेसनावरून आणणाऱ्या टांगेवाल्या लालमियाँनं तोही आधार ठेवला नाही.

"मास्तरसाब, साब तो बोले, पहले हातमुँह धोते, आराम करते," लालमियाँ म्हणाला. "तुमचा धर्मराजच बोला, अभीच चलो, गुरुजींचा तास चालू हाय. साब आज येतेय म्हणून तुमाला सांग, असं बड्या मास्तरनी उसको सबेरेच बोला था. मैं बाजूलाच था."

म्हणजे मामाही खोटा. केसानं गळा कापला होता, आणि कापणाऱ्याला धार आपणच लावून दिली होती. त्या रात्री गुरुजी जेवले नाहीत. तुळजाबाई मात्र धर्मराजाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत जेवल्या.

जायच्या आदल्या दिवशी धर्मराज पाया पडायला आला. तुळजाबाई आतून बाहेर आल्या नाहीत. गुरुजींनी त्याला एकच विचारलं, "ती नावाची चूक तुला कवा सापडली रे?"

"पहिल्याच गुरुवारी, गुरुजी."

"मंग सांगितली का न्हाई?"

धर्मराज उठला. टोपी सारखी करून निघून गेला.

पुढल्या महिन्यात नवा मददगार आला. कडूबा त्याचं नाव, राजूरकडचा, साधाभोळा. तो शेवटच्या ओळीत जाऊन बसला. गुरुवार आला, शेवटचा तास लागला. एक पोरगं आशेनं म्हणालं, "गुरुजी, आज उलटं ना?"

गुरुजी उठले. सगळ्या वर्गादेखत दाराशी गेले, दार लोटलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आतून कडी घातली. कडीवर हात ठेवून ते क्षणभर उभे राहिले. मग वळून त्यांनी शेवटच्या ओळीत बसलेल्या कडूबाकडे पाहिलं. कडूबा गुरुजींकडे टक लावून, आदरानं बघत होता. धर्मराजही असाच बघायचा.

गुरुजींनी कडी काढली, दार सताड उघडलं आणि सरळ पाठ घेतला. एकही चूक न करता.