चांदीच्या गावातली हजेरी

अस्वलाची घंटा मी मुद्दाम घरी ठेवून गेलो. जपानात डोंगरात जाताना पाठपिशवीला एक छोटी घंटा अडकवतात. तिची किणकिण ऐकून अस्वल आधीच बाजूला होतं. पण आम्ही राहतो त्या उरायासू शहरातून निघताना मला काळजी अस्वलाची नव्हती, ट्रेनच्या डब्यातल्या शांततेची होती. आपली पिशवी वाजली तर लोक काय म्हणतील? इतक्या वर्षांत मी जपान्यांहून जास्त जपानी झालो होतो, तो हा असा.

बरोबर बाबा होते. पुण्याच्या कॉलेजात जन्मभर भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आणि एक गुडघा कायमचा रुसलेला. आमच्या फ्लॅटमध्ये ते कंटाळले, म्हणून ओसाड पडलेली चांदीची खाण दाखवायला मीच त्यांना बाहेर काढलं. २०११च्या भूकंपात वरचा रस्ता खचला, तेव्हापासून बस खालच्या पुलाशीच थांबते. थांब्यावर अस्वलाचं चित्र काढलेला फलक होता. पळू नका, आवाज करत चला. मी तो त्यांना हसत हसत वाचून दाखवला.

वर पोचल्यावर हसू आटलं. भट्टीच्या धुराने कधीकाळी जळालेला डोंगर अजून बोडका होता, वाळवंटासारखा. खाली कामगारांच्या घरांच्या रांगा. एका खिडकीत पडदा तसाच लटकलेला, न्हाव्याच्या दुकानात खुर्ची दाराकडे तोंड करून बसलेली. बाबा खुशीत दगड उचलून उलटेपालटे करत होते. मी दर चार पावलांनी मागे बघत होतो.

सार्वजनिक न्हाणीघराच्या भिंतीला लागून पर्सिमॉनचं झाड होतं, केशरी फळांनी लगडलेलं. त्याच्या बुंध्यावर उभे ओरखडे होते. बाबांनी त्यावर बोट फिरवलं, बोट ओलं झालं.

"ताजे आहेत," ते म्हणाले.

आम्ही तिथून मागे फिरलो. परतीच्या गल्लीत अजून एक तसंच झाड होतं. येताना त्याच्याखालूनच आलो होतो. आता त्याची वरची फांदी हलत होती, वारा नसताना. मग पानांमधून काहीतरी काळं, जाड खाली सरकलं आणि मोठ्याने फुरफुरलं.

पुलाकडे जायला दुसरी वाट नव्हती. बाबांना पळता येत नव्हतं आणि मला पळायची परवानगी नव्हती. घरात शिरावं, तर जमिनीच्या फळ्या कुजलेल्या. आवाज करायला हवा, हे कळत होतं, पण मी नुसता त्या फांदीकडे बघत उभा राहिलो. बाबांना काही झालं तर आईला काय सांगायचं, एवढं एकच डोक्यात घुमत होतं.

तेवढ्यात शेजारून वर्गातला आवाज आला. बाबांचा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, पण कापरा.

"रोल नंबर एक!"

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "प्रेझेंट सर."

"ऐकू येत नाही. रोल नंबर दोन!"

"प्रेझेंट सर!"

पुढचे सगळे नंबर मीच हजर होतो. त्या रिकाम्या घरांमधून प्रत्येक नंबर आदळून परत यायचा, आणि मागे उभं राहून आणखी कुणी हजेरी देतंय असं वाटून माझ्या अंगावर काटा यायचा. वर्ग बराच मोठा होता. मधेच कधीतरी ते काळं धूड झाडाच्या पलीकडच्या बाजूने धपकन उतरलं आणि बांबूच्या झुडपात शिरलं. झुडूप लांबपर्यंत हलत गेलं. तरीही हजेरी चालूच राहिली. थांबायची हिंमत दोघांतही नव्हती.

पुलापर्यंत मी बाबांचा हात सोडला नाही. त्यांना आधार म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो. थांब्याच्या बाकावर बसल्यावर त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली आणि आपला मनगटापर्यंत लाल झालेला हात चोळला.

"लहानपणी जत्रेत वाघाचं सोंग बघून असाच चिकटला होतास," ते म्हणाले. "तेव्हा निदान तुला कडेवर तरी घेता येत होतं."