पासिंगचे चार टायर

नोकरीतली बरीचशी प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंचनामा कोणत्या गुन्ह्यातला, हे आठवायला मला वेळ लागतो. हे एक प्रकरण मात्र पहिल्या फोनपासून शेवटच्या साक्षीपर्यंत जसेच्या तसे डोळ्यांसमोर आहे. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, फरारी आरोपीही नव्हता. एक प्रवासी टेम्पो उतारावर घसरला होता, एवढेच.

मी तेव्हा सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मूळचा मी देशावरचा, पण तीन वर्षांत मालवणी समजू लागली होती. बोलायला गेलो की मात्र माझा हवालदार मान खाली घालून हसायचा. हा हवालदार तिथलाच, होड्या असलेल्या घरातला. या हकिकतीत त्याचा मोठा वाटा आहे. नाव मात्र त्याचेच काय, कोणाचेच देणार नाही.

भाद्रपद संपत आला होता. सकाळी साडेआठच्या सुमारास एक सर येऊन गेली आणि रस्ता निसरडा झाला. मालवण बंदरावरून मासे घेऊन आतल्या गावांच्या बाजाराला जाणाऱ्या बायकांचा टेम्पो एका उतारावरच्या वळणावर सरळ गेला आणि जांभ्या दगडाच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, आदळला. मागे बसलेल्या पाच जणींना मुका मार लागला. पुढे चालकाशेजारी बसलेली साठीची मासेविक्रेती रुग्णालयात पोचण्यापूर्वीच गेली. चालकाच्या कपाळाला सहा टाके पडले.

आम्ही पोचलो तेव्हा रस्त्यावर बांगडे पसरले होते आणि चालक गडग्याला पाठ टेकून बसला होता. पळून गेला नव्हता. माझ्याकडे पाहून तो एवढेच म्हणाला, "चूक माझीच आसा, साहेब. लिवा."

निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याचा गुन्हा नोंदवला. घटनास्थळाचा पंचनामा केला, वाहन ताब्यात घेतले. गुन्हा जामीनपात्र असल्यामुळे चालकाला ठाण्यातूनच जामीन मिळाला. कागद तपासले, तर सगळे चोख. परवाना, विमा, परमिट सगळे होते, आणि योग्यता प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'पासिंग' म्हणतात, ते तर अवघे तेवीस दिवसांपूर्वीचे होते. गाडी पास, चालकाने दारू घेतलेली नाही, रस्ता ओला. असा गुन्हा आठवड्यात आटोपतो. मीही तसेच धरून चाललो होतो.

चौथ्या दिवशी मयत बाईची मुलगी ठाण्यात आली. चाळिशीची, जवळच्याच गावात अंगणवाडी सेविका होती. जबाब नोंदवून झाल्यावर तिने सही केली, पण उठली नाही.

"साहेब, एक इचारू? पासिंग होऊन म्हयनो झालो नाय. मग गाडी अशी घसारली कशी?"

मी तिला ओल्या रस्त्याबद्दल सांगू लागलो. तिने ऐकून घेतले.

"माझी आवस त्याच गाडयेन नऊ वर्सा जायत होती. दर वर्सा पासिंगाच्या टायमाक त्येका इचारायची, 'झाला मा रे पासिंग?' त्येनी कागद दाखवलो काय मगच पुढे बसायची. ती शिकलेली नाय होती, पण तेवढा बघायची."

ती गेल्यावर मी प्रमाणपत्र पुन्हा काढून पाहिले. त्यात शंका घेण्यासारखे काही नव्हते.

त्याच दुपारी ठाण्याच्या फोनवर एक निनावी फोन आला. हवालदाराने तो घेतला आणि स्टेशन डायरीत नोंद केली. बाईचा आवाज होता. "पासिंगाच्या दिवशीचे टायर आणि आताचे टायर एकच आसत काय, ता बघा," एवढे बोलून तिने फोन ठेवला. ती कोण होती, हे मला आजतागायत कळलेले नाही. एखाद्या चालकाचीच बायको असावी, असा हवालदाराचा कयास होता.

आम्ही आवारातल्या टेम्पोजवळ गेलो. चारही टायर घासून गुळगुळीत झाले होते. पुढच्या डाव्या टायरची आतली तार दिसत होती. अपघाताच्या पंचनाम्यात आम्ही 'समोरील भाग चेपलेला, काच फुटलेली' असे बारकाईने लिहिले होते. टायरबद्दल एक शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षक तपासणीला आले. पन्नाशीचे, मोजके बोलणारे गृहस्थ. त्यांनी ब्रेक पाहिले, स्टिअरिंग पाहिले, मग टायरपाशी बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

"ही गाडी मीच पास केली आहे," ते म्हणाले. "हे टायर नव्हते."

"खात्री आहे?"

"साहेब, आठ वर्षांपर्यंत प्रवासी गाडीला दोन वर्षांतून एकदा यावं लागतं. ही गाडी अकरा वर्षांची, म्हणजे दरवर्षी. मुदत संपायच्या आत ऑनलाइन दिवस घ्यायचा आणि गाडी जिल्ह्याच्या ठिकाणी आमच्या मैदानात आणायची. तिथे ब्रेक, दिवे, टायर बघून गाडीचे फोटो काढतो. असले टायर असते तर मी गाडी दारातून परत पाठवली असती."

त्यांनी कार्यालयातून फोटो मागवले. फोटोतला टेम्पो तोच होता, पण टायर जवळजवळ नवे. मागच्या उजव्या टायरच्या कडेला तळहाताएवढा निळा डाग होता. मी तो चिखल समजलो होतो. हवालदाराने फोटो मोठा करून पाहिला.

"साहेब, ह्यो होडयेचो रंग."

मग निरीक्षकांनी आपल्या भागातल्या त्याच बनावटीच्या इतर टेम्पोंचे वर्षभरातले फोटो काढायला लावले. संध्याकाळपर्यंत ते आले. हा टेम्पो धरून पाच वेगवेगळे नंबर, पाच वेगवेगळे महिने. पाचही गाड्यांच्या कोणत्या ना कोणत्या चाकावर तोच निळा डाग. निरीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी प्रत्येक वेळी टायर पाहिले," ते म्हणाले. "पण आधीच्या गाडीचे टायर कोण लक्षात ठेवतो?"

चालकाला चौकशीला बोलावले. दोन दिवस तो समोर बसून एकच वाक्य बोलत राहिला. चूक माझी, माझी, माझी. इतक्या वर्षांच्या अनुभवाने सांगतो, नाकबूल करणारा आरोपी सोपा असतो. सगळे एका दमात कबूल करणारा कोणाला तरी पाठीशी घालत असतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्यासमोर पाच फोटो ओळीने मांडले आणि काहीच विचारले नाही. हवालदाराने चहा आणून ठेवला. चहावर साय धरली तरी त्याने पेल्याला हात लावला नाही.

मग तो बोलू लागला.

त्यांच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या चालकाची गाडी दोन वर्षांपूर्वी भंगारात गेली. थोड्याच दिवसांपूर्वी घातलेले तिचे चार टायर त्याने काढून ठेवले होते. एकाची पासिंगची तारीख आली आणि त्याचे टायर चालण्यासारखे नव्हते, म्हणून म्हाताऱ्याने आपले दिले. काम झाल्यावर त्याने ते परत आणून दिले. पुढच्या महिन्यात दुसऱ्याने मागितले. अशी पाच जणांची रीत पडली. तारीख आली की खाडीकाठच्या मांगरात, होड्यांचे सामान ठेवायच्या त्या शेडमध्ये जायचे, टायर चढवायचे, पासिंग करून यायचे आणि उतरवून ठेवायचे. भाडे नाही, देणेघेणे नाही. एकमेकांच्या अडीनडीला धावणे, एवढेच त्यांच्या डोक्यात होते.

"माका ठावक होता टायर गेलेत म्हणान," तो म्हणाला. "दिवाळीक बदलतलंय, असा मनात होता. काकीन त्या दिवशी इचारल्यान, 'झाला मा रे पासिंग?' मी म्हटलंय, झाला, ह्यो बघ कागद. कागद खरो होतो, साहेब. मी खोटा नाय बोललंय."

इथे तो थांबला. मला वाटले जबाब संपला. मी लेखनिकाला खूण करणार, तेवढ्यात त्याने मान वर केली.

"आणि चार दिवस आदी नाक्यार तुमीच माझी गाडी थांबवलात."

मला आठवेना. मग आठवले. नाकाबंदी होती. मी स्वतः उभा होतो. मासळीच्या टोपल्या, मागे बायका, खिडकीतून पुढे आलेला कागद. मी तारीख पाहिली होती, नुकतेच पासिंग झालेले पाहून 'वा' म्हटले होते आणि हाताने पुढे जा अशी खूण केली होती.

"तुमी जरा वाकान टायर बघितले असते, तर माझी गाडी थंयच उभी रवली असती," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. जे घडले ते तो सांगत होता. "तुमी सोडलात तेव्वा माका बरा वाटला. आता वाटता, थांबवलात असतात तर..."

लेखनिकाने माझ्याकडे पाहिले. हे लिहायचे का, असा तो प्रश्न होता. मी म्हणालो, "लिही. त्याच्या शब्दांत लिही."

त्या दुपारी चालक आम्हाला मांगरात घेऊन गेला. निळ्या रंगाचे डबे, जुनी वल्ही आणि ताडपत्रीखाली रचलेले चार टायर. दोन पंचांसमक्ष पंचनामा करून ते मुद्देमाल म्हणून जप्त केले. वडीलधारा चालक तिथेच उभा होता. "मी वायट काय केलंय?" असे त्याने एकदा विचारले आणि मग आपणच खाली बसला. इतर चार गाड्या त्याच संध्याकाळी रस्त्यावरून बाजूला काढल्या. त्यांचे टायर पाहून निरीक्षकांनी एकालाही दुसऱ्या दिवशी गाडी चालवू दिली नाही. बाजाराच्या बायका तीन आठवडे एसटीच्या मागे धावत होत्या आणि त्याबद्दल मला बरेच ऐकून घ्यावे लागले.

त्या दिवशी घरी जाण्यापूर्वी मी केस डायरीत आणखी दोन ओळी लिहिल्या. अपघातापूर्वी चार दिवस सदर वाहन नाकाबंदीत मी स्वतः थांबवले होते, कागदपत्रे पाहून सोडले, टायर पाहिले नाहीत. तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावा असा अहवालही वरिष्ठांना पाठवला. वरिष्ठांनी फोन केला. चांगला माणूस होता, माझ्याच भल्याचे बोलत होता.

"अहो, वैध प्रमाणपत्र पाहून गाडी सोडली. यात तुमची चूक काय? हे लिहायची गरज नव्हती. बचावाचा वकील याचाच उपयोग करेल."

"करू दे, सर."

तपास दुसऱ्याकडे गेला. दोषारोपपत्रात टेम्पोचालकावर निष्काळजीपणाचा आणि सर्वांवर मिळून फसवणुकीचा आरोप ठेवला गेला. खटला उभा राहिला तेव्हा माझी बदली झाली होती. साक्षीसाठी मी परत आलो.

वकिलाने उपयोग केलाच. तो तरुण होता आणि चांगली तयारी करून आला होता.

"आपण टायर पाहिले होते का?"

"नाही."

"का नाही?"

"कागद बरोबर होता म्हणून."

"म्हणजे पोलीस अधिकाऱ्यालाही गाडी सुस्थितीत वाटली?"

"मला कागद सुस्थितीत वाटला. गाडीकडे मी पाहिलेच नाही."

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता क्षणभर वर पाहिले. मागच्या बाकावर मयत बाईची मुलगी बसली होती. आरोपीच्या पिंजऱ्यात चालक दोन्ही हातांनी कठडा धरून उभा होता. पुढे त्याला शिक्षा झाली, वाहन चालवण्याचा परवाना गेला. इतरांना दंड झाला. शिक्षा भोगून आल्यावर तो बंदरावर जाळी शिवायचे काम करतो, असे हवालदाराने नंतर सांगितले.

साक्ष संपवून मी व्हरांड्यात आलो तेव्हा ती मुलगी खांबाजवळ उभी होती. मी थांबलो. काही तरी बोलायला हवे, असे वाटत होते.

"साहेब," तीच म्हणाली, "तुमी खरा सांगलात, ता बरा केलात. पण ता ऐकान माका बरा वाटला नाय."

मी "हो" म्हणालो. ती पायऱ्या उतरून एसटी स्थानकाच्या दिशेने चालू लागली.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे कोणी विचारले तर मोठे काही सांगता येत नाही. त्या पाच चालकांपैकी एकही बदमाश नव्हता. निरीक्षक प्रामाणिक होते. कागद खरा होता. कोणीही सरळसरळ खोटे बोलले नाही आणि तरीही एक बाई गेली. प्रमाणपत्र हे त्या एका सकाळचे असते. मैदानात गाडी उभी राहिली तेव्हा ती कशी होती, एवढेच ते सांगते. पुढचे तीनशे चौसष्ट दिवस ते सांगू शकत नाही. ते ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याने आणि ज्याच्या हातात थांबवण्याचा अधिकार आहे त्याने पाहायचे असते.

त्यानंतर जिथे जिथे बदली झाली तिथल्या माणसांना मी एकच सवय लावली. नाकाबंदीत गाडी थांबवली की आधी तिच्याभोवती एक फेरी मारायची, कागद नंतर मागायचे. काहींना ते साहेबांचे खूळ वाटले. वाटू दे. एका फेरीला एक मिनिट लागते. त्या सकाळी माझ्याकडे ते मिनिट होते.