नावं ठेवणारा वाचक

काल दुपारी इस्पितळात मी ह्यांना माझ्या आवडीची, जुन्या काळातल्या प्रेमाची कादंबरी वाचून दाखवत होते. लढाईवरून परतलेल्या सरदाराला नायिका वाफाळता चहा देते, त्या ओळीवर मी मुद्दाम थांबले. एरवी हे उसळून म्हणाले असते, "शिवकाळात चहा? मग बिस्किटंही दिली असतील!" पण पक्षाघाताने ह्यांची वाचा गेली आहे. मी ती ओळ पुन्हा वाचली, जरा मोठ्याने. हे सलाइनच्या नळीकडे बघत राहिले.

लग्नापासून आमची भांडणं पुस्तकांवरूनच. मला कादंबऱ्या हव्यात, ह्यांना कथासंग्रह. तेव्हा वाटायचं, हा माणूस मला सुखाने वाचू देत नाही. आता कळतंय, आपल्या पुस्तकाला कुणी इतकी नावं ठेवतं, म्हणजे तो माणूसही ते पान आपल्यासोबत वाचत असतो.

"बोलत राहा, त्यांना ऐकू येतंय," डॉक्टर म्हणाले. म्हणून आज ह्यांचा आवडता कथासंग्रह आणला. छोटीशीच गोष्ट होती. बेल वाजते, बाई दार उघडते आणि गोष्ट संपते.

"अहो, हे काय? दारात कोण होतं?" मी विचारलं.

ह्यांचे ओठ हलले. मी घाईघाईने कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. कानाला नुसता श्वास जाणवत होता.

"सांगा ना हो," मी म्हणतच राहिले, "कोण होतं दारात?"