झडपेची तार

सकाळी मशीन सुरू करण्याआधी मामा धुळीच्या पिंपात हात घालायचे, चिमूटभर धूळ काढून अंगठ्यावर चोळायचे आणि म्हणायचे, "कोंडा हाय. चालू दे." नाहीतर तोंड वाकडं करून, "भात जातोय रे!"

तुम्ही म्हणाल, कारखान्यात कसला आलाय भात? सांगतो. महाडच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना अ‍ॅल्युमिनियमच्या पंपांचे भाग घासून साफ करून द्यायचा. त्यासाठी लोखंडी कपाटाएवढं एक कॅबिनेट होतं. समोर काच आणि काचेखाली आत लोंबणारे दोन रबरी हातमोजे. त्यांत कोपरापर्यंत हात घालून आतली नळी धरायची आणि दाबाच्या हवेनं ग्रिटचा, म्हणजे बारीक टणक कणांचा, मारा करायचा. मारलेली ग्रिट पंखा ओढून घेतो. जड कण परत वापरायला खाली पडतात, धूळ पुढे पिंपात जाते. पाईपवर हवेची एक झडप असते. ती जास्त उघडली तर धुळीबरोबर चांगली ग्रिटही पिंपात जाते, कमी उघडली तर धूळ पाईपातच बसून राहते.

हे मशीन मामा चालवायचे; सगळेच त्यांना मामा म्हणायचे. ते कुडपण गावचे, खळ्यावर भात उपणत वाढलेले. त्यांच्या लेखी ग्रिट म्हणजे भात, धूळ म्हणजे कोंडा आणि बाकी सगळा खेळ वाऱ्याचा. झडप बोटभर इकडे, बोटभर तिकडे करून ते वारा असा जमवायचे की मोजमापाचं यंत्र लावलं असतं तरी तेच सांगितलं असतं. पुण्याहून नवे साहेब आले त्या दिवशी मामा ओरडले, "भात जातोय, भात जातोय!" साहेबांनी घड्याळ बघितलं. "अहो, अकराच वाजलेत. जेवायची सुट्टी एकला." आम्ही पोट धरून हसलो. साहेबांना ते हसणं लागलं असावं.

आणि मामा भित्रे! इतका भित्रा माणूस मी बघितला नाही. आंबेनळी घाटात एसटीच्या डोंगराकडच्या बाजूला जागा नसेल तर उभे राहून जायचे. कॅबिनेटला आधी हाताची मागची बाजू लावून बघायचे, शॉक बसतोय का म्हणून. अर्थिंगची तार रोज ओढून बघायचे. "मला भ्या वाटतंय बाबा," हे वाक्य दिवसातून दहादा. आम्ही त्यांना 'भित्री भागूबाई' म्हणायचो. त्यात मी पहिला. मी तिथला फिटर, वय तिशीचं, अंगात मस्ती. मामा चिडायचे नाहीत. दोन्ही पंजे पुढे करून म्हणायचे, "मोज. भितो म्हणून दहाच्या दहा हायत."

मग साहेबांच्या डोक्यात शिरलं की ग्रिट फार वाया जाते. त्यांनी मला बोलावलं. "ती झडप पाव उघडी ठेव आणि तारेनं आवळून टाक. म्हाताऱ्याचा हात लागता कामा नये." मी पक्कडीनं चार पीळ दिले. साहेबांनी पाठ थोपटली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी मामांनी हवा आत घेणाऱ्या जाळीवर तळहात धरला आणि त्यांचा चेहराच उतरला. "वारा मेलाय. कोंडा पाईपात बसणार. ही लोखंडाची धूळ नव्हं रे, अ‍ॅल्युमिनियमची हाय, ही पेटते. मुंबईला बघितलंय मी." ते साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, पिंपात ग्रिट येत नाही ना आता? मग झालं तर.

आठ दिवस मामा घाबरत घाबरत काम करत होते. काचेतून आतलं धड दिसत नव्हतं. नवव्या दिवशी त्यांनी हातमोज्यांतून हात काढले. "केस उभे राहतायत हातावरचे. मी नाय घालणार हात." साहेब तडकले. "नका घालू. उद्यापासून येऊही नका." मी शहाणा पुढे झालो. "साहेब, मी करतो. ह्यांचं रोजचंच आहे." आणि घातले हात.

"काढ रे हात," मामा म्हणत होते. "ऐक माझं. पोरंबाळं हायत तुला. काढ." मी हसत होतो.

कोपराला शॉकसारखा चटका बसला, ठिणगी उडाली आणि पाईपात 'फक्क' झालं. काच एकदम पांढरी झाली. मला आईशप्पथ काही सुचेना. घामानं हातमोजे चिकटले होते, हात निघेनात. मागे पळापळ. साहेब सगळ्यांत आधी दाराबाहेर. मामांनी मला कॉलर धरून मागे खेचलं, मी आपटलो. मग ते त्या आगीकडेच गेले. नळीत येणाऱ्या दाबाच्या हवेचा व्हॉल्व्ह बंद केला. पंख्याचं बटण पाईपाच्या सांध्यालगत होतं आणि सांध्यातून जाळ येत होता. तिथे त्यांनी डावा हात घातला. मी पाण्याची बादली उचलली तर किंचाळले, "पाणी नको! पाणी नको! भडका होईल!" लाल बादल्यांतली कोरडी रेती त्यांनी एकट्यानं पिंपावर ओतली. आणि हे सगळं करताना तोंडानं सारखं चालू होतं, "भ्या वाटतंय, आई गं, भ्या वाटतंय." मी ते डोळ्यांनी बघितलंय.

चार दिवसांनी मुंबईहून मालक आले. झडपेची तार बघून त्यांनी विचारलं, "ही कोणी बांधली?" साहेब म्हणाले, "झडपेशी खेळणारा इथे एकच माणूस आहे." मालक माझ्याकडे वळले. "तू फिटर ना? तू सांग."

मालकांनी बोलावून घेतलेले मामा समोर होते. डावा हात खांद्यापर्यंत बांधलेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगतो, आगीत वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा वाटली. नोकरी, घर, दोन लहान पोरं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी म्हणालो, "मला माहीत नाही."

मालकांनी मामांना कामावरून काढलं. मामा आपल्या कपाटातून डबा घेऊन निघाले. गेटवरच्या माणसानंही त्यांना राम राम केला नाही. आमच्या निष्काळजी म्हाताऱ्यानं कारखाना पेटवला, असं पुढे कित्येक महिने सगळे बोलत राहिले. मीही ते ऐकत राहिलो.

त्यानंतर दोनदा मी पोलादपूरच्या स्टँडवर जाऊन उभा राहिलो. कुडपणकडे जाणारी गाडी लागायची, माणसं चढायची, आणि मी तसाच परत फिरायचो. काय सांगणार होतो? आणि त्यांनी काय म्हटलं असतं? अशी सहा वर्षं गेली. मग बाजारात त्यांच्या गावचा एकजण भेटला. म्हणाला, मामा गेले, महिना झाला.

तेव्हा गेलो. मेलेल्या माणसाला तोंड दाखवायचं नसतं ना, म्हणून हिंमत झाली असेल. मामींनी ओटीवर घोंगडी टाकली, पाणी दिलं. मी बसलोही नाही. म्हणालो, "मामी, ती तार मी बांधली होती. मामांनी नाही."

"ठावं हाय," मामी म्हणाल्या. "त्याच दिशी सांगितलं त्यांनी."

"मग गावात, मालकांना, कुणाला बोलले का नाहीत?"

"म्हनायचे, त्याचं त्यालाच सांगू दे. येईल तो." मामींनी तांब्या उचलला. "गाडीचा आवाज आला की उठून रस्त्यापर्यंत जायाचे. लय दिस बघितली वाट तुझी."