मेकॅनिकची साक्ष

जळक्या ऑइलचा वास आला की मला यवतमाळचं कोर्ट आठवतं. आर्णी रोडवर गाडी भरधाव हाकल्याच्या चलानाविरुद्ध मी तोऱ्यात गेलो होतो, पण पुकारा होताच तोरा उतरला. लायसन्स गेलं तर नोकरीवर जाणंच बंद झालं असतं. माझी मोटरसायकल एवढी पळूच शकत नाही, हे सांगायला मेकॅनिकला त्याच्या ऑइलनं माखलेल्या कपड्यांतच सोबत नेलं होतं. पण मी तिला ‘खटारा’ म्हणताच तो भडकला. “काहून खटारा? साहेब, इंजिन म्या बांधलं! शंभरावर जाते, चालवून पाहा!” न्यायाधीश साहेबांनी हसू दाबत दंड कायम ठेवला, लायसन्स मात्र सोडलं. बाहेर येताच तो म्हणाला, “पाह्यलं भाऊ, कोर्टानंही मानली आपली गाडी!” आजही गाडी त्याच्याकडेच टाकतो, त्याच्यादेखत तिला नावं मात्र ठेवत नाही.