बर्फातल्या शेवया

मुलाकडे कोरियात उन्हाळा इतका भाजून काढतो, की लोक सूपसुद्धा बर्फ घालून पितात. त्या दुपारी हॉटेलात आमच्यापुढेही तेच आलं: स्टीलच्या वाडग्यात आंबटसर गार सार, त्यावर तरंगणारा बर्फ आणि मधोमध गुंडाळलेल्या लांबच लांब शेवया. ह्यांच्या छातीच्या तपासणीचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी यायचा होता. माझे हात वाडग्याला लागायच्या आधीच गार पडले होते.

वाढणारी बाई कात्री घेऊन आली आणि तिने ह्यांच्या शेवया दोनदा कचाकच कापल्या.

"चिवट असतात गं आई, म्हणून कापून देतात," मुलगा म्हणाला. "जुनी माणसं मात्र कापू देत नाहीत. शेवई जेवढी लांब, तेवढं आयुष्य म्हणे."

मांजर आडवं गेलं तरी न थांबणारी मी. पण घाबरलेला माणूस परक्या देशाचा शकुनही आपला मानतो. कात्री माझ्याकडे वळली तशी मी वाडग्यावर हात धरला आणि वाडगा ह्यांच्यापुढे सरकवला.

"वेडी आहेस," हे हसले. पण वाडगा त्यांनी परत केला नाही. पहिली शेवई त्यांनी दातांनी न तोडता, अगदी जपून, शेवटापर्यंत ओढून घेतली.