वजा उणे चार

हसणार असाल तर खुशाल हसा, पण चहाचा कप आधी खाली ठेवा, ठसका लागेल. ज्या माणसानं तीस वर्षं पनवेलच्या शाळेत गणित शिकवलं, त्याची त्याच्याच लेकीनं भर रविवारी कशी शिकवणी घेतली, ते सांगतो. तो माणूस म्हणजे मीच, दुसरं कोण?

आमची मानसी, एकुलती एक, दोन वर्षांपूर्वी जर्मनीला नोकरीला गेली. दर रविवारी चार वाजता व्हिडिओ फोन करते. तो फोन कसा असायचा, ऐका.

"जेवलात?"

"हो. तू?"

"जेवेन आता. गोळ्या घेतल्या?"

"घेतल्या. थंडी आहे का?"

"आहे."

झालं, संपलं. मग फोन तिच्या आईकडे. मायलेकी ओले बोंबील कसे तळायचे यावर अर्धा अर्धा तास बोलणार, आणि मी शेजारी बसून ऐकणार. आम्हा दोघांना बोलायला काही सुचायचंच नाही. पनवेलजवळच्या आमच्या विचुंब्यात आता घरावरून विमानं जातात. आमची शेवंती, म्हणजे मानसीची आई, प्रत्येक विमानाकडे मान वर करून बघते. मी तिला हसतो. ती आत गेली की मीही बघतो.

एकदा मानसीचं कपाट लावताना तिचं बारावीचं पुस्तक हाताला लागलं. उघडलं तर सदिशांची एकसामयिक समीकरणं. घाबरू नका हो, सोपं असतं. शाळेत आपण क्ष आणि य शोधायचो ना, तेच. फक्त इथं क्ष म्हणजे एक आकडा नाही, आकड्यांची जोडी: पूर्वेला किती, उत्तरेला किती. तीच बेरीज, तीच वजाबाकी, दोनदा करायची. मला ते चांगलं येतं. पण मानसीला काय माहीत? मी शिकवलं दहावीपर्यंतच.

त्या रविवारी मी सुतकी आवाजात म्हणालो, "मानसी, एक गणित अडलंय गं. हे सदिश-बिदिश आता डोक्यात शिरत नाही."

"काय सांगताय? दाखवा बघू."

चाळीस मिनिटं बोलली माझ्याशी. "बाबा, आधी क्षच्या डोक्यावर सदिशाचा बाण काढा. बाबा, लक्ष कुठंय?" तिच्या लहानपणी मी तिला म्हणायचो, अगदी त्याच सुरात. मी बावळटासारखा मान हलवत होतो आणि मनातल्या मनात पेढे वाटत होतो.

मग चटकच लागली. शनिवारी गणित नीट सोडवायचं, त्यात मुद्दाम एक चूक पेरायची आणि रविवारी ते पान तिच्यापुढे धरायचं. शेवंतीच्या नजरेतून काय सुटतंय?

"तुमाला हे येत नाय?"

"येतं."

"मंग पोरीला कशाला फसवता?"

"तुझ्याकडे बोंबील आहेत. माझ्याकडे काय आहे?"

ती तशीच चहा टाकायला आत गेली. त्या दिवशी चहात साखर मात्र जास्त पडली.

आता पाचव्या रविवारचं ऐका. दोन क्ष अधिक य बरोबर (५, १). क्ष वजा य बरोबर (१, –४). मानसीनं दोन्हींची बेरीज केली, य उडाला, तीन क्ष आले (६, –३), म्हणजे क्ष झाला (२, –१). "आता क्षमधून दुसरी जोडी वजा करा," ती म्हणाली. "य आला. पहिला आकडा एक, दुसरा तीन."

माझ्या पानावर दुसरा आकडा होता उणे पाच. आणि काय झालं कोण जाणे, माझ्या अंगात तीस वर्षांचा मास्तर संचारला.

"साफ चूक," मी गरजलो. "उणे पाच. घाई नडते तुझी. ताळा केल्याशिवाय सदिशांचं उत्तर सांगू नये, एवढं कुणी शिकवलं नाही तुला?"

शेवंती दारात पोह्यांची बशी घेऊन उभी. "झालं कल्यान," ती पुटपुटली.

"बाबा," मानसी म्हणाली, "तुम्हाला सदिश येत नाहीत ना?"

मी चष्मा शोधू लागलो.

"आणि ताळा तुम्हीच करा. मी थांबते."

केला. चार अधिक एक, पाच. छान. उणे दोन आणि उणे पाच, उणे सात. हवा होता एक. पुन्हा केला, पुन्हा उणे सात. मग चष्मा लावून पान नीट बघितलं तेव्हा उलगडा झाला. ती चूक शनिवारी मीच पेरलेली होती. उणे एकातून उणे चार वजा केले की तीन येतात. मी मुद्दाम उणे पाच लिहून ठेवले होते. आणि पेरलेलं विसरून तेच लेकीला शिकवायला निघालो होतो. वजा उणे म्हणजे अधिक, या एका नियमापायी मी पनवेलची किती पोरं बाकावर उभी केली असतील. त्यांना हे कळलं तर मला भर बाजारात उभं करतील.

मानसी आधी पोट धरून हसली. मग थांबली.

"किती रविवार चाललंय हे?"

"पाच."

"बाबा, नुसतं 'आठवण येते' म्हणायचंत ना."

"ते मला येत नाही गं," मी म्हणालो. हे मात्र खरं होतं.

"मलाही येत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर गोळ्यांचं विचारते."

फोन मात्र कुणीच ठेवला नाही. मग तिनं नाक ओढलं आणि बाईंच्या आवाजात फर्मावलं, "पुढच्या रविवारपर्यंत दहा गणितं सोडवायची. मुद्दाम चुका करायच्या नाहीत. मला कळतं."

शनिवारी बसलो. दहाच्या दहा, मन लावून सोडवली. ताळा केला नाही. म्हटलं, आपल्याला येतंय की. रविवारी तिनं एकेक तपासलं, पुरता दीड तास लागला.

तीन चुकली. आणि गळ्याशपथ सांगतो, यावेळी एकही मुद्दाम चुकवलं नव्हतं.